सगळा आवाज सरसकट

दादा चार वर्षांनी माझ्या व्हिडिओ-एडिटिंगच्या दुकानाची पायरी चढला, तो आईच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाचं रेकॉर्डिंग घेऊन. त्या वाढदिवसाचं मला बोलावणं नव्हतं.

"आवाज फार बारीक आलाय," तो म्हणाला. "टीव्ही फुल केला तरी आईला काही ऐकू येत नाही. आवाज वाढव आणि बारा डीव्हीडी काढून दे. सगळ्या नातेवाइकांना द्यायच्यात."

ही कामं आता करतंय कोण? सगळीकडे फिरून आला असणार. अडला हरी, आणि गाढव मी!

चार वर्षांपूर्वी आई स्वयंपाकघरात सांडलेल्या तेलावरून घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. तेल मी सांडलं आणि न पुसता निघून गेले, असं वहिनीने सांगितलं. दादाने मान डोलावली. तेव्हापासून आईने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, माझा फोन उचलला नाही. मी घर सोडलं आणि या दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायला आले.

"आणि माझं भाषण कापायचं नाही हं," दादा म्हणाला. "तुझा काय नेम!"

त्याने माझं पावतीपुस्तक ओढलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा आवाज सरसकट वाढवणे. काहीही कापू नये.' खाली सही ठोकली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तो गेल्यावर मी हेडफोन चढवले. आवाजाचं बटण तळाला ठेवूनच कुणीतरी शूटिंग केलं होतं. एरवी मी समोरचा माणूस बोलतो तेवढाच आवाज उचलते आणि आजूबाजूची कुजबुज दाबून टाकते. कुणाच्या घरातलं काय बाहेर येईल सांगता येत नाही, म्हणून धंद्याची ती रीतच आहे. पण इथे लेखी हुकूम होता. मी आवाज थोडा थोडा चढवत नेला, पंख्याची घरघरसुद्धा तशीच ठेवली, आणि आवाज फाटायच्या आत थांबले.

दादाचं भाषण वर आलं. "सख्ख्या मुलीने आईला पाडलं, पण मी तिला सांभाळलं," असं चारचौघांत सांगत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात टाळ्या थांबल्या आणि कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून वहिनीचा आवाज आला. ती आपल्या बहिणीच्या कानाशी लागली होती.

"तेल माझ्याच हातून सांडलं होतं गं. यांना माहीत आहे. नणंदेवर ढकललं म्हणून तर ती ब्याद टळली."

मी ते पाच वेळा ऐकलं. चार वेळा रडले, पाचव्यांदा हसू फुटलं. तेवढा भाग पुसायला एक बटण पुरलं असतं. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि बाराच्या बारा डीव्हीडी काढल्या.

"एकदा इथे बघून घे," दादा न्यायला आला तेव्हा मी म्हटलं.

"तुझ्याकडे बसायला वेळ कुणाला आहे? आधी सगळ्यांना वाटतो, रविवारी घरी आईबरोबर बघू."

"जशी तुझी मर्जी."

रविवारी दुपारी फोन वाजला. दादाच होता.

"तू मुद्दाम केलंस! मावशी, काका, सगळ्यांचे फोन येतायत!"

"पावती काढ आणि वाच," मी म्हटलं. "अक्षर तुझं, सही तुझी. मी एक शब्द कापला असता तर तूच माझ्या नावाने बोंब मारली असतीस."

पलीकडे झटापट झाल्यासारखं वाटलं. मग काठी आपटल्याचा आवाज आला आणि आई बोलली. चार वर्षांनी.

"मी तीनदा लावून ऐकलं," ती म्हणाली. "चौथ्यांदा या दोघांना समोर बसवून ऐकवलं."

मी हळूच म्हटलं, "आई, तेल मी नव्हतं सांडलं."

"मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही."

"तेल मी नव्हतं सांडलं!" मी ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"कळलं मला. उशिरा कळलं, चुकलंच माझं," आई म्हणाली. "संध्याकाळी घरी ये. आणि आता या दोघांना काय सुनवायचं ते सुनव. फोन स्पीकरवर टाकलाय."

मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले.