मजेत

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात मावशीचा शब्द चालायचा. एकोणीस वर्षं तिनं तिथं चादरी ओढल्या होत्या, कुशी बदलल्या होत्या, आणि सगळ्यांना एक शिस्त लावली होती: बाहेरचं कुणी "कसे आहात?" म्हणालं, की "मजेत" म्हणायचं. बस्स. त्यात काय पाप होतं? कुणी रडगाणं लावलं की लेक-जावई ऑफिसात जाऊन तोंड सोडणार, साहेब मावशीवर डाफरणार, आणि सगळे गेल्यावर म्हातारं आणखीच खचणार. त्यापेक्षा मजेत बरं.

दोन वर्षांपूर्वी तिची सख्खी ताईच पाच नंबरच्या खाटेवर आली. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई वारल्यावर या ताईनंच मावशीला न्हाऊमाखू घालून लहानाचं मोठं केलं होतं, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मावशी रोज दुपारी तिच्यासमोर बसून तिला एकच शब्द शिकवायची. कुठला शिकवणार? जिभेवर होता तोच. आठ महिन्यांनी ताई "म...जेत" म्हणाली, तेव्हा मावशी ढसाढसा रडली आणि वॉर्डभर सांगत सुटली.

पण पडून पडून ताईच्या कमरेला जखम झाली. आधी लाल चट्टा, मग बटणाएवढी, मग तळहाताएवढी. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर तीस खाटांना बाया दोन, कुठवर पुरणार? यंत्रानं फुगणारी-ओसरणारी हवेची गादी आणा, नाहीतर ही जखम हिला घेऊन जाईल, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. साहेबांनी हात वर केले. अशात एका धर्मादाय निधीनं कळवलं, की जिथं लोकांचे हाल जास्त तिथं आम्ही गाद्या देऊ. आमच्या बाई येऊन प्रत्येकाशी बोलतील.

देव पावला, असं मावशीला वाटलं. पाहुणी येणार म्हणून हाताला सवय होती तेच तिनं केलं: चादरी बदलल्या, केस विंचरले, जखमांवर पांढऱ्याशुभ्र पट्ट्या बांधल्या.

निधीच्या बाई कागद घेऊन खाटेखाटेशी गेल्या. "कसे आहात?"

"मजेत."

"काही त्रास?"

"छे हो. मजेत."

तिसऱ्या खाटेशीही तेच ऐकल्यावर मावशीला राहवेना. ती पुढं झाली. "आजोबा, खरं सांगा ना. सकाळी कण्हत होतात की."

आजोबांनी तिच्याकडे घाबरून पाहिलं. मावशी परीक्षा घेतेय, असंच त्यांना वाटलं असणार. ते आवाज चढवून म्हणाले, "मजेत."

मग बाई ताईवर वाकल्या. "आजी, पाठ दुखते का?"

मावशीनं मागून जोरजोरात मान हलवली, "मजेत" नको म्हणू, नको. ताईनं तोंड गोळा केलं आणि कधी नव्हे इतकं स्वच्छ म्हणाली, "मजेत." आणि शाबासकीसाठी धाकटीकडे बघत राहिली.

"बाई, तिला तेवढाच शब्द येतो हो. थांबा, पट्टी सोडून दाखवते."

"मावशी, त्यांनी स्वतः सांगितलेलंच मी लिहायचं, असा नियम आहे. कर्मचाऱ्यांचं लिहीत बसले तर सगळेच आश्रम रडतील."

महिन्याभरात पत्र आलं. आपल्याकडील समाधान सर्वोत्तम, हार्दिक अभिनंदन. गाद्या दुसऱ्या आश्रमाला गेल्या होत्या. साहेबांनी ते पत्र काचेत घालून दाराशी लावलं.

त्याच दुपारी मावशी ताईला "दुखतं" शिकवायला बसली. आपलं काय चुकलं, ते ताईला कळेना. ती पुन्हा पुन्हा मजेत म्हणायची, आणि मावशी म्हणायची, "ते सोड गं ताई, ते मेलं खोटं आहे. मीच मूर्ख." पुढची पाहणी तीन वर्षांनी होती, आणि जखमेत हाड दिसायला लागलं होतं. आता कुणासाठी शिकवतेय, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सातव्या आठवड्यात कूस बदलताना ताई म्हणाली, "दुखतं."

मावशीचे हात तिच्या अंगाखालीच थांबले. ऐकायला ती एकटीच होती, आणि तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. "हो गं ताई," ती म्हणाली, आणि तिनं कूस बदलायला घेतली, कारण ती बदलायलाच हवी होती. पूर्ण वळेपर्यंत ताई तो शब्द म्हणत राहिली.