पुढच्या कोपऱ्यातली डिश

देवीदास काळबांडेचा हात जिभेच्या आधी चालायचा. भिलाईच्या प्लांटात तो रिगर होता. जे कुणाच्यानं हलत नाही ते उचलायचं आणि नेऊन जागेवर सरळ उभं करायचं, हे त्याचं काम. वीस टनांचा तुकडा हा गडी चेन-पुलीवरून असा अलगद उतरवायचा की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. वीस वर्षांत त्याच्या हातून एक बोल्ट खाली पडला नव्हता. आणि हाच गडी घरी आला, पोळी जरा करपलेली दिसली, की ताट भिंतीवर. एका माणसाला हे असे दोन हात कसे मिळतात, देव जाणे.

मागच्या पोळ्याला त्यानं बायकोचं, वच्छलाचं, मनगट मोडलं. कारण विचाराल तर त्यालाही आठवायचं नाही. वच्छलाचा भाऊ भाऊराव गोंदियाला रेल्वेत गार्ड होता. तो आला आणि बहिणीला घेऊन गेला. देवीदास तीनदा गोंदियाला गेला, तिसऱ्या खेपेला मेव्हण्याच्या दारात ओक्साबोक्शी रडला. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. वच्छला परत आली, पण भावाच्या देखत सांगून आली.

"एक थापड. एकच. ते पडली का मंग मी तुमची कोनी नाही. पाय धराले बी येऊ नका."

तेव्हापासून सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत देवीदासनं दोन स्टुलं मोडली, आरसा फोडला, न्हाणीच्या दाराला लाथ घालून बिजागरी उखडली. एकदा भिंतीवर ठोसे मारमारून बोटांची सालटी काढून घेतली. पण वच्छलाला बोट लावलं नाही. याचा त्याला केवढा अभिमान! जणू प्लांटानं शाल-श्रीफळ द्यावं. वच्छला रोज काचा झाडायची. ती घरात राहावी यापलीकडे त्याला आयुष्यात काही नको होतं, हेही खरं. फक्त त्यासाठी आपणच शांत राहावं लागतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्यानं डिश घेतली. भिलाईच्या स्मृति नगरातल्या त्यांच्या घरांच्या रांगेत पहिलीच. बारा फुटांची जाळीची थाळी, रायपूरच्या मिस्त्रीनं येऊन बसवली. मिस्त्री होकायंत्र घेऊन अर्धा दिवस गच्चीवर फिरला आणि डिश बसवली कुठे, तर पाण्याच्या टाकीच्या मागं. चित्र एकदम लख्ख. पण रस्त्यावरून डिश दिसेना! येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतच नव्हतं की काळबांडेकडे डिश आहे. तीन आठवडे देवीदासनं कळ काढली. मग ठरवलं, डिश पुढच्या कोपऱ्यात, थेट अंगणाच्या वर, आणायची.

"मिस्त्रीले बोलवा न," वच्छला म्हणाली. "त्यानं बसवली, तोच हलवन."

"बारा फुटाची जाळी हलवाले मले रायपूरहून मानूस पाहिजे? मले?"

मुहूर्तही असा काढला की रविवारी साडेदहाला परदेशातली क्रिकेटची मॅच होती आणि ती दूरदर्शनवर दिसणार नव्हती. देवीदासनं सगळ्या रांगेला आवतण दिलं. चिंधू, चौदा वर्षं त्याच्या हाताखाली खपलेला खलाशी, म्हणजे प्लांटातला मदतनीस, सकाळी सातलाच हजर झाला.

काम सुरेख चाललं. डिशचं तोंड कुठं आहे, किती कललं आहे, सगळ्यावर देवीदासनं आधी पेंटनं खुणा केल्या. मग तीन बांबूंची तिपाई उभारून, तिला चेन-पुली लावून खांबासकट डिश उचलली, गच्चीवरून पुढं आणली. कोपऱ्यात त्यानं चार बोल्ट आधीच काँक्रीटमध्ये पुरून ठेवले होते. खांब त्यांच्यावर उतरवताना चिंधूचं बोट खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटाखाली सापडलं, नख निघालं. तो "माय वं!" म्हणून ओरडला, तशी देवीदासनं त्याच्या कानाखाली काढली. "काम चालू असताना बोंबलाचं नाही!" वच्छलानं गुपचूप फडकं आणून बांधलं. ती थापड आपल्यालाच बसावी तसं तिनं अंग चोरलं होतं. देवीदासनं ते पाहिलं आणि मनात म्हणाला, हिच्यावर तर नाही ना हात उचलला?

शेवटी ओळंबा. मिस्त्रीचा खांब वाकडा होता, हे काढतानाच त्याला दिसलं होतं आणि तो पोट धरून हसला होता. आता त्यानं दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून खांब सुतात उभा केला, चारही नट आवळले. प्लांटातल्या कुठल्याही रिगरनं हेच केलं असतं, आणि चूक झाली ती इथंच. मिस्त्रीनं डिशचं तोंड त्या वाकड्या खांबावरच चित्र पाहून जुळवलं होतं. खांब सरळ झाला आणि पेंटच्या सगळ्या खुणा खोट्या पडल्या.

साडेदहा वाजले. पुढची खोली माणसांनी भरली. जे मावले नाहीत ते अंगणात, खिडकीशी दाटीवाटीनं उभे राहिले. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. देवीदास वर डिश इकडे-तिकडे केसभर फिरवतोय, आणि खिडकीपाशी उभा चिंधू दर वेळी ओरडतोय, "नाही, उस्ताद!" अर्ध्या तासानं अंगणात हसू फुटायला लागलं.

शेजारचा सुखराम जिना चढून वर आला. भला माणूस. म्हणाला, "काळबांडे जी, गुस्सा मत करना. रायपूर से मिस्त्री को बुलवा लेते हैं. मॅच तो अब गया."

देवीदासनं त्याची कॉलर धरली, त्याला मागं ओढत नेलं आणि त्याचं डोकं टाकीवर आपटलं. एकदा. मग आणखी एकदा. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत खालून दोघं धावत आले आणि सुखरामला ओढून घेऊन गेले. खाली त्याच्या बायकोनं शिव्यांची लाखोली वाहिली आणि नवऱ्याला घेऊन ती घरी गेली. बाकीचे मात्र गेले नाहीत. मॅच अजून बरीच बाकी होती.

देवीदासच्या हातात पाना होता. वच्छला वर आली. तिची नजर आधी पान्यावर गेली.

"तो मले द्या."

त्यानं दिला. दिला याचंही त्याला कौतुक वाटलं.

"खांब वाकडा होता पयले," ती हळूच म्हणाली. "टाकीकडं झुकेल. म्या रोज फडकी खोचो खांबाच्या न टाकीच्या फटीत. खाली मूठ जाय मधात, वर दोनच बोटं."

"वाकडा होता म्हनूनच तर सरळ केला!"

"मंग तेवढाच वाकडा करून पाहा न. टाकी रस्त्याच्या बाजूले होती. रस्त्याकडं झुकवा."

बायको रिगरला सांगतेय की खांब वाकडा कर! पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यानं पाना परत घेतला, मागचे दोन नट पार काढले, पुढचे दोन शेवटच्या आट्यापर्यंत सैल केले, खांबाला मिठी मारून तो पुढं झुकवला. वच्छलानं वाकून मागून पाटाखाली लोखंडी पट्ट्या सरकवल्या. एक. दोन. तिसरी सरकली आणि खालून चिंधू किंचाळला, "आलं! आलं उस्ताद!"

अंगण दणाणलं. "कोनं आनलं?" कुणीतरी विचारलं. खाली खिडकीशी उभं राहून वरचं बोलणं ऐकलेला चिंधू आनंदानं ओरडला, "वहिनीनं!" मग काय, हशा पिकला. "काळबांडे, तू आता पोळ्या लाट! प्लांटात वहिनीला पाठव!"

वच्छला हसली. त्याला हसली नाही, नुसती हसली, तोंड भरून, किती वर्षांनी. "धरून ठेवा, मी नट कसते," म्हणाली आणि पाना घेऊन खाली बसली.

चित्र येत नव्हतं तोवर देवीदासनं वच्छलावरचा हात आवरला होता. चित्र आलं आणि त्यानं मारलं. एका हातानं खांब धरून दुसरा हात उलटा, सगळ्या ताकदीनं, तिच्या तोंडावर. तिचं डोकं कठड्यावर आदळलं. ओठ फाटला.

"वच्छला," तो लगेच म्हणाला. "वच्छला, चुकलो मी."

ती हात टेकून सरळ बसली. तोंडातलं रक्त थुंकली, त्याच्यात एक दात होता. मग पाना हातात धरून उठली. आता ही मारते, असं त्याला वाटलं. तिनं मारावं असंही वाटलं, म्हणजे फिटंफाट झाली असती. तिनं पाना दूर टाकीपाशी, त्याचा हात पोचणार नाही असा, नेऊन ठेवला, मागचे काढलेले दोन्ही नट पान्याशेजारी ठेवले आणि जिना उतरून गेली.

तिच्या मागे धावायला त्यानं खांबाची पकड सैल केली, तोच डिश रस्त्याकडे वीतभर कलली. खाली अंगणात पंधरा-वीस डोकी होती. त्यानं छाती लावून खांब परत धरला.

"चिंधू! वर ये!"

"एकदम क्लियर हाय उस्ताद! हलवू नका!"

"वर ये म्हंतो न!"

चौकार गेला. त्या गलक्यात पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

वच्छला दारातून बाहेर पडली, हातात पिशवी, तोंडावर पदर, पदर लाल. चिंधूनं तिचा चेहरा पाहिला. मग एकदा मान वर करून गच्चीकडे पाहिलं. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर फाटकाबाहेर पडला. जवळच्या दुर्ग स्टेशनावर गोंदियाची गाडी कधीही मिळते.

"वच्छला!" देवीदास वरून ओरडला. ती थांबली नाही.

"बाजूला व्हा, पडते!" एवढं ओरडला असता तर अंगण क्षणात रिकामं झालं असतं. डिश खाली गेली असती आणि त्यानं बायकोला रस्त्यावर गाठलं असतं. हे त्याच्या ध्यानात आलं, अगदी स्पष्ट आलं. शब्द तोंडाशी आले होते. पण देवीदास काळबांडेच्या हातून लोखंड पडलं, हे सगळ्या रांगेनं पाहिलं असतं.

तो खांब धरून उभा राहिला. वच्छला वळणावरून दिसेनाशी झाली. खालून कुणीतरी म्हणालं, "काळबांडे, अस्साच धर, मस्त दिसून राहिलं!"

त्यानं पाय आणखी रोवले आणि तसंच धरलं.