दोघींचा एक थिसिस

पदव्युत्तर विभागाच्या डीनबाईंकडे येणारे अर्ज ठरलेले असत. कुणाला मुदतवाढ हवी, कुणाचं गाईडशी पटेना, कुणाला बाळंतपणाची रजा. कशावर काय शेरा मारायचा हे त्यांच्या हाताला पाठ होतं. त्यामुळे समोर बसलेल्या दोन मुली जेव्हा म्हणाल्या, "आम्हाला दोघींना मिळून एकच थिसिस सादर करायचाय," तेव्हा बाईंनी उघडलेल्या पेनाला परत टोपण लावलं.

"आणि पीएच.डी. कुणाला द्यायची? अर्धी-अर्धी?"

"दोघींना," त्यातली उंच, बोलकी म्हणाली. "पूर्ण-पूर्ण."

ही आर्किटेक्चरची. शेजारची बारीक आवाजाची, समोरचा बोलायला लागला की मान कलती करून ऐकणारी, ती सायकॉलॉजीची. दोघींच्या नोंदण्या वेगळ्या, गाईड वेगळे, पण काम पहिल्यापासून एकत्र. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये माणसं कुठे बसतात आणि का, हा विषय. त्यासाठी गेली चार वर्षं दोघी निरनिराळ्या दवाखान्यांच्या कोपऱ्यांत बसून कोण आलं, कुठे बसलं, कुणाशेजारची खुर्ची टाळली, याचे नकाशे काढत होत्या. एकीचं काम कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं, हे आता त्यांनाच सांगता येत नव्हतं.

बाई कुलसचिवांकडे गेल्या. त्यांनी नियमावली उघडलीसुद्धा नाही.

"बसत नाही. 'उमेदवार' असं एकवचनी लिहिलंय."

"उमेदवार एक असला तरी उमेदवार आणि दहा असले तरी उमेदवारच की."

"क्रियापद बघा मॅडम. 'सादर करील' आहे. 'करतील' नाही."

पण बाईंना तो विषय सोडवेना. नियमापेक्षा त्यांना वेगळंच कुतूहल लागून राहिलं होतं. दोन डोक्यांनी मिळून एक विचार करायचा म्हणजे नेमकं काय होतं? मसुदा त्यांनी घरी नेला आणि रविवारी वाचायला बसल्या. पहिली प्रकरणं इतकी रंगली की चहा गार झाला. शेवटचं प्रकरण मात्र अगदी अळणी. 'खुर्च्यांची मांडणी आणि रुग्णाची मनःस्थिती हे दोन्ही घटक तितकेच महत्त्वाचे असल्याचे दिसून येते.' असली वाक्यं समितीच्या अहवालात असतात. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या मुली असं का लिहितील?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्या घरी न जाता नवऱ्याच्या दवाखान्यात गेल्या. नवरा दातांचा डॉक्टर. वेटिंग रूममध्ये सासूबाई होत्याच. घरी करमत नाही म्हणून त्या संध्याकाळी लेकाच्या पेशंटांशी गप्पा मारायला येऊन बसत.

"दाढ दुखतेय का गं?"

"नाही आई. नुसती बघतेय."

एक पेशंट आला, तो मधे एक खुर्ची सोडून बसला. पुढची बाई आली, तिनेही खुर्ची सोडली. मग गाल सुजलेला एक माणूस आला आणि अख्खी रांग मोकळी असताना थेट एका अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन टेकला. बाई सावरून बसल्या. असं का? थोड्या वेळाने त्यांनी उठून दोन खुर्च्या तिरक्या करून एकमेकींसमोर आणल्या. पुढचे आलेले दोघे तिथे बसले आणि चक्क बोलायला लागले.

नवरा हातमोजे काढत बाहेर आला. "हे काय? माझ्या दवाखान्यात वास्तुशांत चाललीय का?"

"लोक जागा कशावरून निवडतात रे?"

"दाढ ठणकत असली की माणूस खुर्ची बघत नाही."

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "सगळे माझ्याशेजारी बसायला बघतात."

रात्री जेवताना बाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण तासभर बसलो तर आपलं एक मत झालं. मग या मुलींचं इतक्या वर्षांत झालं नसेल?

त्यांनी दोघींना वेगवेगळं बोलावलं. आधी आर्किटेक्चरची आली.

"खरं सांग. खुर्ची ठरवते की मन?"

"थिसिसमध्ये लिहिलंय ना, दोन्ही..."

"ते वाचलं मी. तुला काय वाटतं?"

मुलीने बंद दाराकडे पाहिलं. "खुर्ची. शंभर टक्के. मांडणी बदला, माणसं बदलतात. पण तिला ते पटणार नाही. तिने माझ्याइतकंच राबून काम केलंय, तिचं मन कशाला मोडू?"

दुपारी दुसरी आली. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भीती," ती म्हणाली. "वाईट बातमीची वाट बघणारा माणूस माणसाजवळ जातो, खुर्ची कशीही ठेवा. पण हे बोलले असते तर तिचे सगळे नकाशे फुकट गेल्यासारखं झालं असतं."

बाईंना हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. एकमेकींना जपता जपता दोघींनी आपापलं खरं मत गिळून टाकलं होतं. ते शेवटचं प्रकरण दोघींचं नव्हतंच, कुणाचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना एकत्र बसवलं. "काल मला जे सांगितलंत ते एकमेकींना सांगा."

सायकॉलॉजीवाली हळूच म्हणाली, "मला वाटतं, भीती ठरवते."

"आणि कॅन्सर विभागातली गोल मांडणी? तिथे सगळेच जवळ बसले ते?"

"मांडणीमुळे नाही! सगळेच घाबरलेले होते म्हणून!"

"मग डोळ्यांच्या दवाखान्यात कोण घाबरलं होतं?"

बघता बघता दोघी तोंडाला तोंड देऊन भांडायला लागल्या. डीनबाई खोलीत आहेत हे त्या विसरल्या. बाईंच्या कोऱ्या कागदांवर नकाशे उमटायला लागले, एकीने काढायचा, दुसरीने खोडायचा. मधेच आर्किटेक्चरवालीने पेन खाली ठेवलं. "इतके दिवस तू बोलली का नाहीस?" "तू तरी कुठे बोललीस?"

बाईंनी शिपायाला खूण करून तीन चहा मागवले.

"आता बघा," चहा आल्यावर त्या म्हणाल्या, "नोंदी दोघींच्या, निष्कर्ष दोन. म्हणजे थिसिसही दोन."

समितीत अपेक्षेप्रमाणे खडाजंगी झाली. त्याच नोंदी दोन प्रबंधांत म्हणजे राजरोस कॉपी, असं एका प्राध्यापकांचं म्हणणं. बाईंनी नवा नियम लिहून आणला होता: एकत्र केलेलं काम दोन्ही प्रबंधांत तसं स्पष्ट सांगून वापरता येईल, विवेचन आणि निष्कर्ष मात्र ज्याचे त्याचे. कुलसचिवांनी तो दोनदा वाचला. क्रियापद 'करील' असल्याची खात्री करून घेतली आणि हात वर केला. ठराव जेमतेम पास झाला.

त्यानंतर मुलींना आणखी वर्षभर खपावं लागलं. मधे काही महिने त्या एकमेकींशी बोलतही नव्हत्या. ते ऐकून बाईंना मन खाई. बांधलेली मोट आपण उगाच सोडली की काय, असं त्यांना वाटे. हस्तक्षेप मात्र त्यांनी केला नाही.

सायकॉलॉजीवालीचा व्हायवा आधी झाला. तिने छान मांडणी केली, परीक्षकांना उत्तरंही चोख दिली. शेवटी प्रथेप्रमाणे सभागृहाला विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या रांगेतून एक उंच मुलगी उठली. पुढे बसलेल्या बाईंनी मान वळवून पाहिलं.

"तुमचे घाबरलेले रुग्ण शेजारी बसले," आर्किटेक्चरवालीने विचारलं, "पण तिथे खुर्च्याच नसत्या, तर ते कुठे गेले असते?"

दिवसभरातला तो सगळ्यात अवघड प्रश्न होता. व्यासपीठावरच्या मुलीने नेहमीसारखी मान कलती केली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "बघू या?"