मेतकुटाचं पाकीट

गळ्यातल्या गाठीवर पस्तीस वेळा किरणं घेऊन झाली आणि बसचालकाचं वजन इतकं उतरलं की पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडूनही गणवेशाची पँट कमरेवर ठरेना. त्याची बायको कपडे धुण्याच्या एका दुकानात मागच्या खोलीत शिलाईकाम करायची. जगाच्या पँटी कमरेला आत घेण्यात तिची सोळा वर्षं गेली होती, पण नवऱ्याची पँट आत घ्यायला हात धजेना. चार महिन्यांत अंगावर मांस चढेल, मग पुन्हा उसवत बसा, असं ती स्वतःला बजावायची.

मांस चढायला पोटात काहीतरी जायला हवं ना! डॉक्टरांनी दिलेलं डब्यातलं दूध, केळ्याचं शिकरण, पातळ खिमट, सगळ्याचे दोन चमचे झाले की तो वाटी बाजूला सारायचा. ती कामावरून आली की त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो गिळायचा तशी नकळत तीही गिळायची.

एक दिवस तो म्हणाला, "मेतकूट-भात असता तर चार घास गेले असते बघ. ताईच्या हातचा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिकडे गावी. आई लवकर गेली, ताईनंच त्याला वाढवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती दरवर्षी मेतकुटाची बरणी पाठवायची, पण आता तिच्या हाताला कंप सुटला होता आणि बरण्या बंद झाल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा नणंद-भावजय दुपारभर गप्पा मारत बसल्या, तेव्हा हाच म्हणाला होता, "तुमचं मेतकूट जमलं, आता माझं काही खरं नाही!"

तिनं ताईला फोन लावला, मापं लिहून घेतली, डाळी भाजल्या, मिक्सरवर बारीक केल्या. मऊ भातावर तूप सोडून वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं एक चमचा खाल्ला.

"छान झालंय," तो म्हणाला, "पण ते नव्हे."

मग तिनं त्या परमुलखातल्या शहरात मेतकुटाचा शोध सुरू केला. अर्ध्या दिवसाची सुट्टी असली की ती निघायची. शहराचे सगळे रस्ते त्याला पाठ. कुठली बस घ्यायची, कुठं उतरायचं, ते तो पलंगावरून सांगायचा. एका दुकानात तिला बेसन दाखवलं, दुसऱ्यात अंगाला लावायचं उटणं. सहाव्या दुकानातल्या म्हाताऱ्याला तिची भाषा कळत नव्हती, पण तो शिडीवर चढला आणि अगदी वरच्या फळीवरून एक पाकीट काढून त्यानं सदऱ्याला पुसलं. त्यावर मराठीत लिहिलं होतं, मेतकूट. तिनं ते भर दुकानात मोठ्यानं वाचलं. तारीख पुसून गेली होती; तिकडे तिनं पाहिलंच नाही. परतीच्या बसमध्ये पाकीट मांडीवर धरून बसली, जसं काही तान्हं मूल.

त्या दिवशी त्यानं वाटीभर भात खाल्ला. डोळे मिटून म्हणाला, "ताईचंच गं! अगदी तेच!"

तिनं लगेच ताईला फोन केला. "वन्सं, जेवले हो! सगळी वाटी संपवली!" पलीकडे ताई रडू लागली, मग हीही रडली.

पाकीट लहान होतं, म्हणून तिनं त्यातली चिमूटही स्वतःच्या तोंडात घातली नाही. तीन दिवस तो जेवला. चौथ्या दिवशी दोन घास उरले. आता टाकायचे कसे, म्हणून वाटी उचलून नेता नेता तिनं ते तोंडात टाकले आणि मोरीशी जाऊन थुंकली. खवट. जुनाट तेलाची घाण जिभेला चिकटून बसली. धुलाईच्या औषधांनी तिचं नाक केव्हाच मारलं होतं. वासावरून तिला कळलंच नव्हतं.

ती वाटी घेऊन परत आली. "अहो, चव कशी होती आज?"

"फर्मास."

"खवट आहे ते. जनावरानं तोंड लावलं नसतं."

त्यानं वाटीवरची नजर काढून घेतली.

"तुम्हाला चव लागतच नाही?"

"किरणं सुरू झाली तेव्हापासून नाही. ओला कागद चघळल्यासारखं वाटतं सगळं."

"मग मी केलेलं ते नव्हे म्हणालात, ते?"

"तू समोर बसून नुसती बघत राहायचीस गं. सहन व्हायचं नाही. म्हटलं, काहीतरी शोधायला गेलीस तर तेवढाच तुला वारा लागेल." त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "मागच्या खेपेला तू औषधं आणायला खाली गेलीस ना, तेव्हा डॉक्टर बोलले. गाठ परत आलीय. आता काही करण्यासारखं नाही म्हणाले."

पाकीट तिनं कचऱ्यात टाकलं, तोंड खळाळून धुतलं, तरी तो खवटपणा जाईना.

महिन्याभरात गिळणंही बंद झालं. नाकातून नळी घालून त्याला पांढरं पातळ काहीतरी द्यायचे. तेव्हा त्यानं एक हट्ट धरला: "तू माझ्यासमोर जेव. आणि काय लागतंय ते सांग मला."

ती पलंगाशी ताट घेऊन बसू लागली. "आमटी आंबट झालीय जरा."

"चिंच जास्त?"

"हो. गूळ कमी पडला."

"मिरची?"

"मागाहून लागते. घशात."

तो मान हलवायचा. एखाद्या दिवशी ओठही चाटायचा. तिला घास उतरत नसे, पण ती खायची आणि सांगायची. कधी कधी खोटंच सांगायची, कारण तिचीही चव गेल्यासारखी झाली होती.

अकराव्या दिवशी तिनं वांग्याची भाजी केली, त्याच्या आवडीची, दाण्याचं कूट घालून. "आज ना," ती म्हणाली, "वांगी इतकी कोवळी—"

त्यानं चादरीवरून हात थोडासा वर केला. "पुरे," तो म्हणाला. "आता आठवतच नाही गं मला. तू नुसते शब्द बोलतेस."

ती थांबली. पुढचा घास हातातच राहिला, आणि त्याचे डोळे मिटेपर्यंत ताट मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली.