पुढच्या सीटवरचा रुमाल

पुढे: भाग्येश. प्रमिलाबाई.
मागे: आबा. रुपा. रुपाच्या मांडीवर ओजस.

तीन वर्षांत ही मांडणी बदलली नव्हती. ओजस आता चौदा महिन्यांचा. तो नव्हता तेव्हा रुपाच्या मांडीवर सासूची पिशवी असायची, एवढाच काय तो फरक.

गाडी आली ती रुपा-भाग्येशच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी. धानोऱ्यात दारासमोर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, नव्या सुनेने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हात धुऊन ती वळेपर्यंत प्रमिलाबाईंनी उघड्या काचेतून आपला रुमाल पुढच्या सीटवर टाकला होता. बाईंचा उभा जन्म एसटीत गेलेला. नंदुरबारच्या स्टँडवर गाडी लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत, मग दारातली रेटारेटी सरली की निवांत चढायचं. रुमालावर कोणी बसत नाही, हा अख्ख्या जिल्ह्याचा कायदा. त्या दिवशी सगळे हसले. रुपाही हसली.

रुमाल मात्र उठला नाही. पांढरा, लाल काठाचा. दर रविवारी धुतला जायचा, वाळला की पुन्हा सीटवर अंथरला जायचा. धुणारी रुपा. अंथरणारीही रुपाच.

*

मागून काय दिसतं?

नवऱ्याचा डावा कान. सासूचा अंबाडा. दोघांच्या मधून रस्त्याची एक पट्टी.

प्रमिलाबाई भाजलेल्या शेंगा सोलत बसायच्या. दाणे तळहातावर चोळायच्या, फुंकर मारायच्या आणि न बघताच हात भाग्येशकडे न्यायच्या. तो रस्त्यावरची नजर न काढता तोंड उघडायचा. पस्तिशीचा, जिल्हा परिषदेतला अभियंता, चिमणीच्या पिल्लासारखा. फुंकरीने उडालेली फोलपटं उघड्या काचेच्या वाऱ्याने मागे यायची, रुपाच्या साडीवर.

मग पुढे कशावर तरी हसू फुटायचं.

"काय?" रुपा पुढे वाकून विचारायची.

"काही नही," दोन आवाज.

हे तिने गिळलं असतं. पण ओजस. पोरगं पुढच्या दोन सीटांच्या फटीतून हात लांबवून रडायचं, आजीकडे जायचं म्हणून. आणि आजी मान न वळवता म्हणायची, "आठे नको. मांगेच ऱ्हाऊ दे त्याले."

घरात हीच बाई नातवाला दिवसभर कडेवरून उतरवत नव्हती. गाडीत बसली की मांडीवरसुद्धा नको? रुपाने त्याचा एकच अर्थ लावला होता. ती जागा बाईंना कोणाशीच वाटून घ्यायची नव्हती. नातवाशीही नाही.

*

रुपाच्या भावाने पुण्याहून भलंमोठं खोकं पाठवलं. त्यातून मुलाला गाडीत बसवायची खुर्ची निघाली. निळी, पट्ट्यांची, कानाशी उशा असलेली.

"हाई काय, न्हावीनी खुर्ची का?" आबांनी, म्हणजे सासरे रतिलालांनी, विचारलं.

"ओजसची आहे, आबा. गाडीत बांधायची. ब्रेक लागला तर पोर उडत नाही."

"तुन्हा सासूकरता नही का एक?"

सगळ्यांबरोबर प्रमिलाबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "पुस्तक देख व रुपा. जसं लिखेल व्हई तसं लावा."

पुस्तक उघडायचं ते रुपानेच. मिक्सर, गिझर, फवारणीचा पंप, आबांचं बीपी मोजायचं यंत्र. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा इंग्रजी कागद बी.एस्सी. झालेल्या सुनेच्या हातात जायचा आणि ती सांगेल तसं ते यंत्र चालायचं. भाजीत मीठ किती, पोराला तेल कोणतं, साखरपुड्याला नेसायचं काय, हे सगळं सासूचं राज्य. कागद तेवढा रुपाचा. त्या मुलखात प्रमिलाबाईंनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

*

पान सात.

डावीकडचं चित्र: गाडीची पुढची सीट. तिच्यावर हीच खुर्ची, मूल पाठमोरं. समोरच्या डॅशबोर्डमधून फुगा फुटून बाहेर आलेला. सगळ्यावर लाल फुली.

उजवीकडचं चित्र: मागची सीट. हिरवी खूण.

खाली ठळक अक्षरांत: पुढे एअरबॅग असेल तर ही खुर्ची पुढे कधीही लावू नये. मुलाच्या जिवाला धोका.

रुपाने ते दोनदा वाचलं. पुढे एअरबॅग होती. ती गाडी घेताना भाग्येशनेच कौतुकाने सांगितलं होतं.

खुर्ची मागे लावायची. तिच्या शेजारी आई बसणार, दुसरं कोण? आज मांडीवर पोर आहे म्हणून मागे, उद्या शेजारी खुर्ची आहे म्हणून मागे. पोर शाळेत जाईपर्यंत तो डावा कान आणि तो अंबाडा. सख्ख्या भावाने तिला मागे बांधून टाकायचे पट्टे पाठवले होते.

"काय लिखेल शे व?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"पुढे लावायची," रुपा म्हणाली.

*

तोंडातून गेलं ते गेलं. तिला वाटलं, कोणीतरी अडवेल.

"पुढे?" भाग्येशने विचारलं.

"म्हणजे चालवणाऱ्याला पोर दिसत राहतं."

"हां. बरोबर."

इतकं सोपं. त्याने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. बारीक अक्षरांनी त्याला जांभया यायच्या. पट्टा कुठून ओवायचा तेवढं विचारून तो खुर्ची पुढच्या सीटवर चढवायला लागला.

प्रमिलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून पुढच्या काचेवरची उन्हाची झडप खाली केली.

"रुपा, आठे एक चित्र शे. लेकरूनं. त्यावर लाल काट मारेल शे."

रुपा पुढे आली. झडपेवर चिकटवलेला हातभर नाही, चार बोटांचा कागद. पान सातवरचंच चित्र, लहान करून छापलेलं. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कुठून? तीन वर्षांत ती त्या सीटवर एकदाही बसली नव्हती.

हीच वेळ होती. 'अरे हो, मी नीट वाचलं नाही' म्हणायची. सासूच्या बोटाचं नख त्या लाल फुलीवर टेकलेलं होतं, आणि त्या बोटाच्या खाली, सीटवर, लाल काठाचा रुमाल.

"ते जुन्या खुर्च्यांचं आहे, आत्या. ही नवीन निघाली."

"पुस्तकमा तसं शे ना?"

"हो."

"मंग झायं."

प्रमिलाबाईंनी रुमाल उचलला, चार घड्या घातल्या, कमरेला खोचला. रुपाने मनात केवढी भांडणाची तयारी ठेवली होती. ती तशीच राहिली, न वाढलेल्या ताटासारखी.

पान सात तिने दुमडून आत सारलं.

*

पुढे: भाग्येश. ओजस.
मागे: आबा. प्रमिलाबाई. रुपा.

तळोद्याला आबांच्या बहिणीच्या, सुंदरबाईंच्या, नातीचा साखरपुडा. सगळे नटलेले. निघताना रुपाच्या छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं होतं. पुढे तिचा नवरा, तिचा मुलगा, तिच्या भावाची खुर्ची. आणि मागे, मधोमध, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या प्रमिलाबाई.

नंदुरबार येईस्तोवर ते सगळं निवून गेलं.

कारण ओजसचं तोंड सीटच्या पाठीकडे होतं, आणि त्या पाठीच्या बरोबर मागे रुपा. तिला दिसत होती फक्त सीटची उशी आणि उशीवरून पोराच्या केसांची एक बट. मधल्या फटीतून मात्र पोराचा चेहरा सरळ आजीला दिसत होता. प्रमिलाबाईंनी फटीतून हात घातला, तो काढलाच नाही. ओजसने त्यांचं बोट पकडलं होतं.

"हात काढ ना, माय," भाग्येश म्हणाला. "मले गिअर टाकता येत नही."

"तू टाक तुन्हा गिअर. मन्हा हात तठे नही, त्यानावर शे."

"खुर्चीला पट्टे आहेत, आत्या," रुपा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

"अवघडेल हात."

"मन्हा हात शे. मन्हं मी देखसु."

मग ओजस खिदळला.

"काय केलं त्यानं?" रुपाने मान लांब केली. उशी. बट.

"काही नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सगळं तिनेच घडवून आणलं होतं, आणि त्या गाडीत पोर न दिसणारी एकटी तीच होती. बोट सोडवा, असं तिला ओरडावंसं वाटलं. स्वतःच्या मुलाच्या मुठीतल्या बोटावर जळणारी बाई कधी कोणी पाहिली आहे का?

*

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीनभर लाल. काच वर असूनही ठसका आत आला. ओजसला शिंका आल्या, आबांना खोकला. भाग्येशने डोळे पुसले.

तेवढ्यात पुढचा टेम्पो थांबला.

मिरचीच्या पोत्यांनी भरलेला, खुणेचा दिवा न लावता, जागच्या जागी. भाग्येशने सगळा भार ब्रेकवर टाकला. चाकं किंचाळली. रुपाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेम्पोचा मागचा फळका काचेत मोठा, मोठा, मोठा होत आला

आणि थांबला. बॉनेट आणि फळका यांच्यात वीतभर हवा.

टेम्पोवरून एक पोतं सावकाश कलंडलं आणि बॉनेटवर येऊन पडलं. धप्प. बाकी काही झालं नाही. फुगा फुटला नाही. खुर्चीचे पट्टे ताणले नि सैल झाले.

रुपाला मात्र तो फुटलेला दिसला. पान सात, डावीकडचं चित्र, रंगांसकट. ती सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून ओरडत होती, आणि काय ओरडते आहे ते तिला उशिरा ऐकू आलं.

"काढा त्याला! काढा तिथून! तिथे लावायची नाही!"

*

गाडी कडेला घेतली. ओजस ठणठणीत होता. पोत्यातून सांडलेल्या मिरच्यांकडे बोट दाखवत होता. प्रमिलाबाईंचा हात त्या झटक्यात दोन सीटांच्या मध्ये चेंगरला होता. मनगटावर काळंनिळं उठत होतं आणि तीन बांगड्या वाढल्या होत्या. बाकीच्या बांगड्या त्या एकेक करून चाचपत होत्या.

भाग्येश खुर्ची सोडवत म्हणाला, "तूच तर म्हणाली होतीस, पुढे लावायची."

"चुकलं माझं," रुपा म्हणाली. "वाचताना चुकलं."

भाग्येशने खांदे उडवले. इंग्रजी आहे, चुकायचंच. तो खुर्ची घेऊन मागच्या दाराकडे गेला, आबा त्याला पट्टा दाखवायला.

प्रमिलाबाई रुपासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही.

"तू वाचामा चुकस नही, रुपा."

रुपाने मान खाली घातली.

"तीन वरीस ते चित्र मन्हा डोळासमोर शे. मले अक्षर येत नही, पन फुली समजस. म्हनीसन मी त्याले कधी पुढे मांडीवर लिधा नही. किती रडे तो मन्हाकरता. तुले काय वाटे, मले रडू येत नही व्हतं?"

मिरचीचा ठसका होताच. त्यामुळे दोघींच्या डोळ्यांना पाणी कशाचं, ते कोणाला सांगता आलं नसतं.

"आत्या, तुम्ही पुढे बसा," रुपा शेवटी म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ. तुमची जागा..."

"नको. आते मी बठसु त्यानाजोडे." प्रमिलाबाईंनी पुढचं दार उघडून धरलं. "तू बठ पुढे."

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर रुपाला बरं वाटलं असतं.

*

पुढे: भाग्येश. रुपा.
मागे: आबा. प्रमिलाबाई. ओजस, निळ्या खुर्चीत.

पुढून सगळा रस्ता दिसतो. तापीचा पूल, पुलाखालचं पाणी, लांबवर सातपुड्याची निळी रेघ, सगळं तिच्यासाठी आणून मांडल्यासारखं. भाग्येशचा अख्खा चेहरा दिसतो, कानासकट. रुपाने शेवटी मिळवलं ते हे. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने झडप खाली केली. लाल फुलीचं लेकरू तिच्यासमोर आलं. तिने झडप वर केली. ऊन डोळ्यांत घेत बसली.

मागून एक हात आला, काळंनिळं मनगट आणि उरलेल्या बांगड्या. तिच्या खांद्याजवळून सोललेले दाणे घेऊन पुढे गेला. भाग्येशने न बघता तोंड उघडलं.

हात मागे गेला. मागे ओजस खळखळून हसला, आणि आबाही.

"काय?" रुपाने मान वळवली.

"काही नही," मागून आवाज आला.

तळोद्यात साखरपुडा पार पडला. जेवणं झाली. सुंदरबाईंनी मनगट पाहून विचारलं, तर प्रमिलाबाई म्हणाल्या, "गाडीना दरवाजामा सापडनं." रुपाने ते ऐकलं. ताटातली जिलबी तिने तशीच ठेवली.

निघताना भाग्येशकडून किल्ली घेऊन तीच सगळ्यांच्या आधी गाडीशी पोचली. झोपलेला ओजस तिच्या खांद्यावर होता. मनात ठरवलेलं होतं: परतीला मागे बसायचं, काही न बोलता, सासू येण्याआधी. गाडी तापू नये म्हणून भाग्येशने काचा चार बोटं उघड्या ठेवल्या होत्या.

तिने मागच्या काचेतून आत पाहिलं. निळ्या खुर्चीला लागून, मधल्या जागेवर, लाल काठाचा रुमाल पडला होता. नीट अंथरलेला नव्हता. बाहेरून टाकलेला होता.

तिने ओजसला खुर्चीत ठेवलं, पट्टे लावले, पान सहावर सांगितल्याप्रमाणे दोन बोटं आत जातात का ते पाहिलं. रुमालाला हात लावला नाही. मग पुढचं दार उघडून ती पुढे जाऊन बसली.