वस्तादांच्या डोळ्यांतला बिघाड

"टेबलाचा डावा पाय सैल आहे, तो धरून उचलू नकोस. घे आणि चालायला लाग," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

झटक्या दारातच थांबला. खांद्यावर दोरखंड, खाली रस्त्यावर भाड्याचा टेम्पो, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे दिसलं की ओळखीची माणसं आधी आपले खिसे चाचपायची. सकाळी वस्तादांचा फोन आला, "माझं कामाचं टेबल घेऊन जा," तेव्हा त्याला वाटलं होतं की म्हाताऱ्याने शेवटी उट्टं काढायचं ठरवलं. तीस वर्षांच्या खोड्यांचा हिशेब कधीतरी व्हायचाच होता. म्हणून तो तयारीने आला होता. पण आत पाऊल टाकलं आणि हसू जागच्या जागी विझलं.

टेबल खरोखरच रिकामं होतं.

वस्तादांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते टेबल घराच्या या मागच्या खोलीत होतं. त्यावर कायम कुणाचा तरी रेडिओ पोट उघडून पडलेला असायचा, बाजूला कढत डाग, म्हणजे वस्तादांचं सोल्डरिंगचं लोखंड, आणि बशीत स्क्रू. आज त्यावर नुसते चाळीस वर्षांचे चटके होते. खाली तीन खोकी, चिकटपट्टीने करकचून बंद केलेली.

वस्तादांच्या सुनेने त्याला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आठ दिवस झाले, बाबा धड बोलत नाहीत. दोन गिऱ्हाइकांचे रेडिओ 'आता जमत नाही' म्हणून तसेच परत दिले. विचारलं तर म्हणतात, तू तुझं काम बघ. "भाऊ, तुम्हीच काढा त्यांच्या पोटातलं. तुम्हाला शिव्या तरी देतात," ती म्हणाली.

शिव्या तर हक्काच्याच होत्या. झटक्या वस्तादांच्या हाताखाली शिकायला आला त्याच आठवड्यात त्याने त्यांच्या स्टुलावर विजेने भरलेला, टेकलं की झटका देणारा कंडेन्सर ठेवला होता. वस्ताद बसले आणि बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले. हा पठ्ठ्या इतका हसला की हसता हसता स्वतःच त्याच कंडेन्सरवर हात टेकला. त्या दिवसापासून नाव पडलं झटक्या. आता झटक्या बावन्न वर्षांचा होता, त्याचं स्वतःचं दुकान होतं, पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं, पण मूळ स्वभाव तसाच. कुठलाही टीव्ही चालवणारा रिमोट कायम खिशात. गेल्याच महिन्यात केस कापायला बसल्या बसल्या त्याने न्हाव्याच्या टीव्हीचे चॅनल असे काही पळवले की न्हाव्याने टीव्हीला दोन थपडा दिल्या, आणि मग झटक्याकडेच वळून विचारलं, "जरा बघता का काय झालंय?"

तर असा हा झटक्या चहाचे दोन कप घेऊन परत आला आणि त्या रिकाम्या टेबलावर चढून बसला. म्हणाला, कारण कळल्याशिवाय मी टेबल हलवणार नाही, आणि मी बसलोय तोवर तेही हलणार नाही.

सून गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेल्याचा आवाज आला, तेव्हा वस्ताद हळूच म्हणाले, "डोळे गेले रे."

झटक्याने कप खाली ठेवला.

एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं होतं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, जपा. वस्ताद जपत होते. आणि आठ दिवसांपूर्वी दुपारी टीव्ही बघत असताना चित्र हललं. म्हणजे जागेवरून नाही, उजेडातून. एकदम मंद व्हायचं, परत यायचं, मध्येच लुकलुकायचं. टीव्ही नवाकोरा, मुलाने दोन महिन्यांपूर्वीच घेऊन दिलेला.

"मग मी काय केलं असेल?" वस्तादांनी विचारलं.

"खोललात."

"खोलला. आत काय आहे रे त्याच्या? सर्किटच्या दोन पाट्या आणि चार पट्ट्या. सगळे व्होल्टेज दोनदा मोजले, सगळे जागेवर. सगळ्या पिना काढून परत बसवल्या. मशीन ठणठणीत." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. त्या दिवशी त्यांनी सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, चित्र बरं आहे ना गं? ती म्हणाली होती, मस्त आहे बाबा. "मशीन बरोबर. दुसरा बघणारा बरोबर. एकेक चांगला भाग बाजूला काढत जायचं, शेवटी उरतो तो खराब. तुला कुणी शिकवलं हे?"

आणि त्यांनी चष्म्याच्या काचेवर टिचकी मारली. उरलेला भाग तिथे होता.

उद्या एखादा चिमटा जिवंत तारेला लागेल, कुणाचा रेडिओ जाळून ठेवीन, त्यापेक्षा आपण होऊन उठावं, असं त्यांचं म्हणणं. टेबल तुझ्याकडे राहिलं तर निदान कामात राहील.

टीव्ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, मागचं झाकण काढलेलं, शिक्षा झाल्यासारखा. झटक्याने तो फिरवला आणि चालू केला. पडद्यावर एक बाई शेतीच्या औजारांबद्दल सांगत होती. अर्ध्या मिनिटात बाई अंधारली, परत उजळली, परत अंधारली.

झटक्या खो खो हसत सुटला.

ही त्याची चूक झाली. पण त्याचाही इलाज नव्हता. याच कंपनीचे अकरा टीव्ही त्याने या आठवड्यात बघितले होते. कंपनीने इंटरनेटवरून सगळ्या टीव्हींत नवं सॉफ्टवेअर घातलं होतं, आणि त्यात एक नसती सोय आपोआप चालू झाली होती. खोलीतला उजेड बघून पडद्याचा उजेड कमीजास्त करायची. ती सोय वेड्यासारखी वागत होती, एवढंच. रिमोट घ्यायचा, ती बंद करायची, की चहा गार व्हायच्या आत काम खलास.

"वस्ताद, डोळे शाबूत आहेत तुमचे," तो डोळे पुसत म्हणाला. "टीव्हीच लुकलुकतोय. मला पण दिसतंय."

वस्ताद म्हणाले, "आज तरी नको, झटक्या."

आणि तिथे झटक्याला पहिल्यांदा कळलं की तीस वर्षांत आपण काय कमावलं. याच तोंडाने त्याने वस्तादांना एकदा अस्तित्वातच नसलेल्या घरी टीव्ही दुरुस्तीला पाठवलं होतं. याच तोंडाने सांगितलं होतं की दुकानातून धूर येतोय, आणि वस्ताद अर्धी दाढी करून पळत आले होते. आता हेच तोंड खरं बोलत होतं आणि म्हाताऱ्याला वाटत होतं की पोरगा आपल्याला बरं वाटावं म्हणून नाटक करतोय. झटक्याने शपथ घेतली. ती तर त्याने धुराच्या वेळीही घेतली होती.

त्याने रिमोटकडे हात नेला, पण वस्तादांनी आधीच उचलून रिमोट सदऱ्याच्या खिशात टाकला. स्वतःच्या खिशातल्या दुसऱ्या रिमोटकडे झटक्याचा हात गेला तर वस्ताद म्हणाले, तोही बाहेर काढ आणि इथे ठेव. तू काहीतरी दाबणार, उजेड वाढवणार आणि म्हणणार झालं बरं. "आधी बिघाड सिद्ध कर. मग हात लाव. माझ्या टेबलावर हीच रीत आहे."

"टेबल तर मी नेतोय ना?"

"नेईपर्यंत माझंच आहे."

झटक्याने डोकं खाजवलं. मोजून दाखवावं, तर मीटरचा काटा बघायला डोळेच लागणार, आणि वादी-प्रतिवादी दोन्ही तेच. तिसरा साक्षीदार पाहिजे होता, ज्याला झटक्याने आजवर फितवलेलं नाही असा. तो टेबलाखाली वाकला आणि सरळ एका खोक्याची चिकटपट्टी फाडली. वस्ताद ओरडले, त्याने ऐकलं नाही. आत त्याला एक मेलेला कॅल्क्युलेटर मिळाला, उन्हावर चालणारा, वर काळी पट्टी असलेला. आणि एक छोटा रेडिओ, ज्याला स्टेशन लागत नव्हतं पण आवाजाचा भाग धडधाकट होता.

वस्तादांची मान आपोआप पुढे आली. "पट्टी रेडिओला जोडणार?"

झटक्या हो म्हणाला. पट्टीवर उजेड पडला की तिच्यात बारीकशी वीज तयार होते. ती रेडिओत सोडली की उजेड कानाने ऐकू येतो. उजेड हलला तर आवाज हलणार. "रेडिओला काही डोळे नाहीत, वस्ताद. आणि तो माझ्या बाजूने खोटंही बोलणार नाही, मी त्याला आत्ताच भेटतोय."

त्याने त्याच खोक्यातून लोखंड काढून तापवलं आणि पट्टीच्या केसासारख्या तारा जोडायला घेतल्या. आणि असा गलथानपणा केला की बघवत नव्हतं. कथिलाचा हा एवढा गोळा, तो भलतीकडेच, तार जळालेली, वरून फुंकर मारतोय. वस्ताद मागे उभे राहून पहिल्यांदा हुं म्हणाले. मग म्हणाले, आधी तार साफ कर. मग म्हणाले, तीस वर्षं लोकांना काय फसवतोस का रे तू? झटक्याने दुसरा गोळा पाडला.

"सरक, गाढवा," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातातून लोखंड हिसकलं.

स्टूल ओढलं. तार खरवडली, टोक टेकवलं, धुराची एक बारीक रेघ उठली, आणि जोड झाला. पहिल्याच फटक्यात, मोहरीएवढा, चकचकीत. मग दुसरा. झटक्या बघत होता आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, बोलण्यासारखं असूनही, गप्प बसला.

खिडकी लावून घेतली. काळी पट्टी पडद्यासमोर टांगली. रेडिओतून भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. झटक्याने सांगितलं, तुम्ही पडद्याकडे बघा, अंधारलं असं वाटलं की बोट वर करा. मी काही बोलणार नाही.

भुंगा घोंघावत राहिला. पडद्यावर आता कुणीतरी पोहत होतं. वस्तादांचं बोट वर गेलं आणि त्याच क्षणी भुंगा खाली बसला. बोट खाली, भुंगा वर. परत बोट, परत भुंगा. चारदा. सातदा. मग वस्तादांनी डोळे गच्च मिटले आणि नुसतं ऐकत बसले. मिटल्या डोळ्यांनीही तो आवाज तसाच बसत होता, उठत होता.

"लेका," ते डोळे न उघडता म्हणाले, "हा तर हलतोय."

त्यांनी खिशातून रिमोट काढून पुढे केला. झटक्याने तो घेतला नाही, कुठे कुठे दाबायचं ते नुसतं सांगत गेला. वस्तादांनी एकेक ओळ मोठ्याने वाचत ती सोय शोधली आणि बंद केली. भुंगा एका सुरात आला तो आलाच.

मग मात्र वस्ताद भडकले. कोण आलं होतं माझ्या घरात? मी झोपलेला असताना माझ्या टीव्हीत हात घालून गेलं कोण? न सांगता, न विचारता? बिघाड म्हणजे काहीतरी जळतं, सुटतं, झिजतं, वास तरी येतो. हा कसला बिघाड, जो बाहेरून येतो आणि दोन बटणांनी जातो? झटक्याने त्यांना अकरा घरांचं सांगितलं. एकाने तर डोळ्यांचे थेंब घालायला सुरुवात केली होती, एकाने घरातली सगळी वायरिंग बदलून घेतली होती. वायरिंगवाल्याचं ऐकून वस्तादांना हसू फुटलं, आणि ते हसू थांबेना.

हसण्याचा आवाज ऐकून सून कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात आली. वस्तादांनी तिला पडद्यापुढे उभं केलं आणि पोलिसासारखं विचारलं, आठ दिवस हा टीव्ही असा लुकलुकत होता, तुला एकदाही दिसलं नाही?

"दिसत होतं की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करताय त्याला."

"मग मस्त आहे कशाला म्हणालीस?"

"तुम्ही केलेलं होतं ना, बाबा. नावं कशी ठेवणार?"

वस्तादांनी झटक्याकडे बघितलं, झटक्याने छताकडे. सुनेला या दोघांचं काहीच कळलं नाही. ती कपडे ठेवायला आत गेली आणि आतूनच विचारलं की भाऊ जेवून जाणार का. भाऊ तर तोवर उरलेली दोन खोकी उघडून सामान परत टेबलावर मांडत होते, आणि मुद्दाम चुकीच्या जागी मांडत होते. वस्ताद प्रत्येक वस्तू उचलून जागेवर ठेवत होते आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते.

टीव्हीचं झाकण राहिलं होतं. झटक्या स्क्रू लावायला वाकला तर वस्ताद म्हणाले, थांब. त्यांनी झाकण उलटं मांडीवर घेतलं आणि कानामागची पेन्सिल काढली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून लिहून ठेवायची त्यांची सवय होती, म्हणजे पुढे जो कुणी उघडेल त्याला आधीचं कळावं. तारीख लिहिली. बिघाड: उजेड हलत होता. त्याखाली लिहिलं, बदललेला भाग, आणि पेन्सिल थांबली.

त्या दोन पाट्या आणि चार पट्ट्यांतलं काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी शब्दांपुढे एक सरळ, बारीक रेघ ओढली, खाली नेहमीसारखी सही केली, आणि एकेक स्क्रू लावून झाकण बंद केलं.