दोन घारी

"ताई, एक गाठ मलाही करून दे ना," हुनेरो उंबऱ्यातूनच म्हणाली.

वेबखेत ओल्या वाळूवर लाल दगड घासत होती. इसिस देवीची गाठ, म्हणजे गाठीच्या आकाराचा लाल दगडाचा ताईत, घडवणं हा तिचा जन्माचा धंदा. गावातल्या कितीतरी मेलेल्यांच्या गळ्यात तिच्या हातची गाठ गेली होती. ही मात्र तिच्या स्वतःच्या नवऱ्यासाठी होती. कबरींच्या भिंती रंगवणारा पशेद तापानं गेला आणि आता नदीकाठी, प्रेतं टिकावीत म्हणून मसाले भरणाऱ्यांच्या मांडवात मिठाखाली निजला होता.

"तुला कशाला? तू काय मरायला टेकलीस?"

"गळ्यात नको. कमरेला बांधायचीय." हुनेरोनं अंगावरची शाल बाजूला केली. पोट चांगलंच वर आलं होतं. "इसिस पोटुशी असताना तिच्या दुष्ट दिरानं, सेतनं पोराला मारू नये म्हणून हीच गाठ बांधली होती ना? आई सांगायची."

हुनेरोचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, नदीला तीन पूर येऊन गेले होते.

"कुणाचं?" वेबखेतनं विचारलं.

हुनेरोची नजर बहिणीच्या हातातल्या दगडावर गेली आणि तिथंच राहिली.

क्षणभर वेबखेतला काही उमगलं नाही. मग सगळंच उमगलं. धाकटी विधवा झाली तेव्हा तिच्याकडे जा म्हणून वेबखेतच पशेदच्या मागे लागली होती. तिचं छप्पर खचलंय, बघून या. तिला भाकरी पोचवा. "दर वेळी मीच का?" म्हणत तो कुरकुरायचा आणि जायचा. इकडे वेबखेत मात्र पाणघोडीच्या रूपातल्या तावेरेत देवीपुढे मुलासाठी नवस बोलत बसायची.

"गावात कुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना," हुनेरो पुटपुटली.

"म्हणजे एक मीच खुळी!" वेबखेत हसली. ते हसणं तिचं तिलाच ओळखू आलं नाही. "इसिसच्या बहिणीनं, नेफ्थिसनंही तिच्याच नवऱ्याचं पोर पोटात धरलं होतं, नाही का?"

"आणि इसिसनं ते सांभाळलं, ताई."

"इसिस देवी होती गं. मी दगड घासणारी बाई आहे. चालती हो इथून!"

पशेदला टेकडीवर नेलं त्या दिवशी झाडून सारं गाव आलं. प्रेतापाशी दोन बायका घारींसारखा आक्रोश करतात, बायको इसिस होऊन पायाशी आणि बहीण नेफ्थिस होऊन उशाशी. पशेदला बहीण नव्हती, म्हणून पुजाऱ्यानं मेहुणीला उभं केलं होतं. बायका डोळ्यांनीच एकमेकींना खुणावत होत्या.

"वेबखेत, हाक मार त्याला," पुजारी म्हणाला. "माझ्या घरी परत ये, म्हण."

वेबखेत पायाकडून निघाली आणि उशाशी बहिणीपुढे जाऊन उभी राहिली.

"तू जा पायाशी. मला नाही म्हणवत. तो माझ्या घरी नव्हताच."

"अगं, रीत मोडू नकोस!" पुजारी ओरडला.

"रीत त्यानं मोडली, बाबा. मी नुसती जागा बदलतेय."

हुनेरो पायाशी गेली आणि तिनं हाक मारली. ती हाक अशी काळीज चिरत गेली की खुसफुसणाऱ्या बायकांनीही माना खाली घातल्या. वेबखेत ऐकत राहिली. आपल्याला असं कधीच ओरडता आलं नसतं, हे तिला कळलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

पशेदच्या गळ्यात गाठ मात्र तिनंच बांधली. दोरा आवळला, एकदा ओढून पाहिला.

माणसं परतली. उतार निसरडा होता. अवघडलेली हुनेरो एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं कातळ धरत उतरत होती. तिला हात द्यायला कुणीच थांबलं नाही. वेबखेत पुढे चालली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पण तिची चाल मंदावली, आणि वाटेतले सुटे दगड ती पायानं एकेक करून कडेला सारत गेली.